करारनाम्यात जातीचा रकाना नाही

(शिक्षण, नोकरी अथवा औषधोपचार यांसाठी काही महिन्यांपुरते मुंबईस जाणाऱ्या बंधुभगिनींपुढे नागपूर येथे एका वकिलाने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वाचकांसाठी तो त्यांनीच पुन्हा लिहून दिला आहे.)

नागपूरच्या स्टेशनावर मुंबईच्या गाडीला पोहोचवावयास आलेली माणसे आपण पाहिली असतील. कुणाचा मुलगा प्रशिक्षणासाठी सहा महिने निघालेला असतो. कुणाच्या मुलीला नोकरीचे पहिले पत्र आलेले असते. कुणी आपल्या आईला परळच्या टाटा रुग्णालयात घेऊन जात असतो आणि तेथे किती महिने राहावे लागेल हे त्याला डॉक्टरांनीही निश्चित सांगितलेले नसते. ह्यांपैकी कुणालाही मुंबईत घर विकत घ्यावयाचे नसते. चार महिने, सहा महिने, फार तर वर्षभर पाठ टेकावयास एक खोली हवी असते. आणि त्या समुद्राकाठच्या अवाढव्य शहरात पाय ठेवल्याबरोबर आपल्या माणसाला पहिला प्रश्न जो विचारला जातो तो पैशाचा नसतो. तो प्रश्न असतो, "तुमचे आडनाव काय?" आडनावावरून उलगडा झाला नाही, तर दुसरा प्रश्न येतो, "तुम्ही कोण?"

ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, कायदा आपल्या बाजूने किती उभा आहे आणि कोठे तो आपल्याला एकटे सोडतो, हे मला आज आपणांस सांगावयाचे आहे. उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. कारण ह्या परीक्षेत मी स्वतः एकदा नापास झालो आहे. प्रथम तेच सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका खटल्याच्या कामासाठी मला चार महिने मुंबईत राहावे लागले. ऑक्टोबर ते जानेवारी असा तो काळ होता. उपनगरातील एका इमारतीत दलालाने खोली दाखविली. खोली पसंत पडली, भाडे ठरले. जिना उतरता उतरता दलाल म्हणाला, "वकीलसाहेब, मालकांना फक्त एवढेच विचारावयाचे आहे, आपण नागपूरचे, म्हणजे त्यांच्यापैकी तर नव्हे ना?" 'त्यांच्यापैकी' ह्या शब्दाचा अर्थ त्यालाही ठाऊक होता आणि मलाही. न्यायालयात तासन् तास बोलणारा मी त्या जिन्यावर केवळ हसलो आणि म्हणालो, "छे, तसे काही नाही." खोली मिळाली. घरून निघताना पेटीत ठेवलेली बाबासाहेबांची तसबीर मात्र चारही महिने पेटीतच राहिली. ६ डिसेंबरला मी दादरच्या चैत्यभूमीवर गेलो. लाखोंच्या त्या जनसमुदायात ताठ मानेने उभा राहिलो. तेथे एक लहानशी तसबीर विकत घेतली आणि परत येताना ती वर्तमानपत्रात गुंडाळून, शेजाऱ्यांच्या नजरेस पडू नये अशा बेताने, चोरासारखा जिना चढलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. भाडे मी भरीत होतो, अनामत माझी होती, करारावर सही माझी होती. मग चोरी कसली होती?

वाचकहो, हा प्रसंग सांगताना मला बडोद्याची आठवण होते. १९१७ साली अमेरिका व इंग्लंड येथे शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांस कुणी जात विचारली नव्हती. बडोद्यात मात्र त्यांस राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी सरायीत पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले दहाबारा लोक दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी त्यांस त्याच दिवशी जागा सोडावयास लावली. एका हिंदू मित्राने व एका ख्रिस्ती मित्राने आपापल्या अडचणी सांगितल्या. बाबासाहेब सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

ह्या हकीकतीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. आडोशासाठी नाव लपविणाऱ्या माणसाला दोष देणे हा अन्याय आहे. लाज विचारणाऱ्याने बाळगावयाची आहे, उत्तर देणाऱ्याने नव्हे. परंतु नाव लपवून मिळविलेला निवारा किती दिवस टिकतो, हे बडोद्याने दाखवून दिले. तेव्हा बाबासाहेबांच्या हाती ना कायदा होता, ना करार. आज आपल्या हाती दोन्ही आहेत. मी जिन्यावर खोटे बोललो तेव्हाही ते माझ्या हाती होते. वकील असूनही मी त्यांचा उपयोग केला नाही, ही माझी चूक होय.

आता कराराकडे वळू.

मुंबईत अल्पमुदतीची खोली ज्या कागदावर मिळते त्याला सर्वजण 'लिव्ह अँड लायसेन्स' म्हणतात. हा भाडेपट्टा नव्हे. भाडेपट्ट्याने भाडेकरूचा त्या जागेत हक्क निर्माण होतो. लायसेन्स म्हणजे दुसऱ्याच्या जागेत ठराविक काळ राहण्याची परवानगी. तिची व्याख्या १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमाच्या ५२ व्या कलमात आहे. कागदाच्या मथळ्यावर काय लिहिले आहे एवढ्यावरून दोहोंतील भेद ठरत नाही, उभयतांचा खरा हेतू काय होता हे पाहावयाचे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगितले.

मुंबईत परवान्याचा एवढा प्रसार का झाला? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिले. तेव्हा मालक भाड्याऐवजी परवान्यावर जागा देऊ लागले. १९७३ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याने राहत असलेल्यांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. मालकवर्ग हबकला. दिलेली जागा परत मिळेल की नाही ही धास्ती मुंबईच्या मालकाच्या मनात तेव्हापासून घर करून बसली. आपल्या नागपुरात त्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. पुढे सर्व राज्यासाठी एकच असा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला व तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. मुंबईच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने ह्या कायद्यातील दोन कलमे पाठ करावीत.

पहिले कलम २४. परवान्याची मुदत संपली की राहणाऱ्याने जागा सोडली पाहिजे. सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम नुकसानभरपाई म्हणून वसूल करू शकतो. म्हणजे आपण जागा बळकावून बसू ही जी भीती मालक दाखवितो, ती ह्या कायद्याने बव्हंशी दूर केलेली आहे. ह्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. तीकडे आपल्या लोकांचे लक्ष जात नाही. लेखी परवान्यात जे नमूद केले असेल तो त्या वस्तुस्थितीचा निर्णायक पुरावा मानला जातो. तेव्हा दलाल तोंडाने जे सांगतो त्याला किंमत शून्य. "आधी सोडलेत तरी अनामत परत देऊ, मालक चांगले आहेत," असे तो म्हणेल. कागदावर तसे लिहिलेले नसेल तर ते झालेच नाही असे समजावे.

दुसरे कलम ५५. परवान्याचा करार लेखी असला पाहिजे आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली नोंदविला गेला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि नोंदलेला लेखी करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली ह्याविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांच्या कागदाला नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे. तिचे मूळ नोंदणी कायद्यात आहे. त्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्यांना नोंदणी सक्तीची केलेली आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून ह्या समजुतीला आधार उरलेला नाही. मुदत तीन महिन्यांची असो वा अकरा महिन्यांची, कागद नोंदविलाच पाहिजे.

खर्च फार येतो असे सांगून कुणी आपणांस परावृत्त करील. वस्तुतः पाच वर्षांपर्यंतच्या परवान्यावर मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का आहे. ह्या रकमेत सर्व महिन्यांचे शुल्क आणि परत मिळणाऱ्या अनामतीवरील दहा टक्के दराचे काल्पनिक व्याज धरले जाते. दरमहा वीस हजार रुपये आणि साठ हजार अनामत असा सहा महिन्यांचा करार असेल तर हे शुल्क काही शेकड्यांत बसते, हजारांत नव्हे. शहरी भागात नोंदणी फी एक हजार रुपये आहे. हा खर्च कुणी सोसावा हे आधी ठरवून कागदावर लिहावे. नोंदणी आता घरबसल्या, आधारवरील अंगठ्याच्या ठशाने, ऑनलाईनही होते.

करार वाचताना पुढील गोष्टी पाहाव्यात. मुदत कोणत्या तारखेस सुरू होते व कोणत्या तारखेस संपते. मुदतीपूर्वी जाणे भाग पडले तर किती दिवसांची सूचना द्यावयाची, आणि किती महिने सोडताच येणार नाही अशी अट आहे काय. दवाखान्यासाठी जाणाऱ्याने ही अट विशेष जपून वाचावी. उपचार लवकर संपला अथवा दुर्दैवाने माणूसच राहिला नाही, तरी ती अट राहते. अनामत कोणत्या दिवशी परत मिळणार? किल्ली देतेवेळीच मिळणार, असे लिहून घ्यावे. रंगकामाच्या नावाखाली किती कापणार, सोसायटीचा देखभाल खर्च कोण भरणार, विजेचे बिल कोणाकडे, हेही लिहून घ्यावे. खोलीतील पंखे, नळ, दारे यांची जी अवस्था असेल ती पहिल्याच दिवशी छायाचित्रात टिपून मालकाला पाठवावी. अनामत रोख देऊ नये, बँकेतूनच द्यावी. केंद्र सरकारने २०२१ मध्ये संमत केलेल्या नमुना भाडेकरार कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित करण्याची शिफारस आहे. परंतु राज्याने स्वतः कायदा केल्यावाचून ती कुणावर बंधनकारक होत नाही.

आता मुद्द्याचे बोलतो. ह्या संपूर्ण करारात काय काय लिहावे लागते? नाव, वय, व्यवसाय, कायमचा पत्ता, पॅन क्रमांक, मुदत, शुल्क, अनामत आणि जागेचे वर्णन. जातीचा रकाना त्यात नाही. धर्माचा नाही. मुंबईत पोलीस आयुक्तांच्या आदेशानुसार मालकाने राहणाऱ्याची माहिती पोलिसांस कळवावयाची असते. ती कळविणे म्हणजे पोलिसांची परवानगी काढणे नव्हे, आणि तिच्या निमित्ताने मालकाने आपली जात विचारण्याचे कारणही नाही. सोसायटीच्या सभासदाने आपली सदनिका परवान्यावर दिल्यास सोसायटीला सूचना व कराराची प्रत द्यावयाची असते, आणि तो स्वतः तेथे राहत नसल्याबद्दल सोसायटी त्याच्याकडून जादा आकार घेऊ शकते. राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे हा आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. राहणाऱ्याची मुलाखत घेऊन त्याच्या चुलीची आणि देव्हाऱ्याची चौकशी करण्याचा अधिकार ह्यातून कुठल्याही सचिवाला प्राप्त होत नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे. जे कराराला लागते तेवढे सांगावे, आणि ते पूर्ण व खरे सांगावे. "तुम्ही कोण?" असे विचारल्यास, "मी अमुक ठिकाणी नोकरी करतो; हे माझे पॅन कार्ड, हे नेमणुकीचे पत्र; कराराला आणखी काय लागते?" असे शांतपणे विचारावे. एवढ्यावर न थांबता त्याने पुन्हा स्पष्टच विचारले, तर "मी बौद्ध आहे" असे सरळ सांगावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ह्याच नागपुरात आपल्या वाडवडिलांनी जे नाव लाखोंच्या साक्षीने घेतले, ते एका जिन्यावर कुजबुजत नाकारण्यासाठी घेतले नव्हते.

पण मग खोली नाकारली गेली तर? येथे कायदा काय देतो ते ऐका.

संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. १५ (२) अनुच्छेदाप्रमाणे दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्या कारणावरून कुणाही नागरिकाला मज्जाव करता येत नाही, आणि हे बंधन खासगी व्यक्तींवरही आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खुलासा केला होता की 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने योजिलेला आहे आणि मोबदला घेऊन सेवा देऊ करणारा त्यात येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ह्याच व्यापक अर्थाचा आधार घेतला. दलाल, जाहिरातदार आणि रोजच्या हिशेबाने येईल त्याला घर देणारे व्यावसायिक ह्या अर्थात बसतात, हा युक्तिवाद न्यायालयापुढे मांडण्याजोगा आहे, असे माझे मत आहे.

१९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम ह्या नावाने लागू आहे. त्याच्या व्याख्येत 'हॉटेल' ह्या शब्दात खानावळ आणि लॉजिंग हाऊस ह्यांचाही समावेश होतो. त्याच्या ४ थ्या कलमात, कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळविणे अथवा त्यात राहणे ह्याबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा अपराध ठरविलेला आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. १९७६ च्या दुरुस्तीने ह्या कारणावरून केलेला भेदभावही त्यात घातला गेला. १२ व्या कलमाप्रमाणे असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे न्यायालय, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरते. धर्मांतरानंतर पुष्कळ वर्षे केंद्राच्या यादीत बौद्धांना हा दर्जा नव्हता. १९९० मध्ये १९५० च्या आदेशात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींतून आलेले बौद्ध त्यात समाविष्ट झाले. तेव्हा "तुम्ही तर आता बौद्ध, तुम्हाला हा कायदा कसा लागू?" असे कुणी म्हणाल्यास त्यास हे साल सांगावे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून सामाजिक व आर्थिक बहिष्कार हाही स्वतंत्र अपराध आहे.

ह्या कायद्यांचे बळ पुराव्यावर अवलंबून असते. मालक सहसा "जात नको" असे म्हणत नाही. "घर नातलगाला दिले," "आम्ही शाकाहारी आहोत," अशा सबबी तो सांगतो. म्हणून बोलणे शक्य तो लेखी संदेशात करावे. जाहिरातीचे चित्र जतन करावे. नातलगाला दिलेल्या घराची जाहिरात आठवड्यानंतरही चालू आहे काय, हे पाहून ठेवावे. दुसऱ्या कुणा परिचिताने त्याच घराची चौकशी केली असता त्याला काय उत्तर मिळाले, त्याचीही नोंद ठेवावी. प्रत्येक नकार हा अपराध नसतो. अर्ध्या पुराव्यावर फिर्याद करून स्वतःचा व कायद्याचा अवमान करून घेऊ नये. परंतु जेथे पुरावा आहे तेथे गप्पही बसू नये.

आता कायदा कोठे अपुरा पडतो ते सांगितले नाही तर मी आपली फसवणूक केली असे होईल. खासगी घर भाड्याने देताना भेदभाव करू नये असे सर्व नागरिकांसाठी सरसकट सांगणारा केंद्रीय कायदा आपल्या देशात नाही. अहमदाबादेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व एका समाजापुरते राखणारा पोटनियम वैध ठरविला. संघटनेचे स्वातंत्र्य तेथे समतेवर भारी ठरले. आपल्या मुसलमान बांधवांना तर अस्पृश्यताविरोधी कायद्याचा आधारही नाही. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व तिच्या परिसरातील पाच शहरांत केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दूरध्वनीवरून घराची विचारणा केली असता सवर्ण नावाला साफ नकार मिळाला नाही. दलितांना सुमारे १८ टक्के आणि मुसलमानांना सुमारे ३१ टक्के वेळा मिळाला. नकाराचा हा फटका आपल्यापुरता नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे.

परदेशात हा प्रश्न नव्हता असे मुळीच नाही. अमेरिकेत १९६८ मध्ये, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, घरांच्या विक्रीत व भाड्यात वर्णभेदाला बंदी करणारा कायदा झाला. त्याने भेदभावाच्या जाहिरातीलाही मनाई केली. ब्रिटनने १९६५ च्या वंशभेदविरोधी कायद्यात घरे वगळली होती. तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, ती त्यात घालावी लागली. ह्या दोन्ही देशांत घरमालकांची मने आधी पालटली आणि मग कायदा आला, असे घडलेले नाही. आपल्याकडे २०१७ मध्ये लोकसभेत भेदभावविरोधी खासगी विधेयक मांडले गेले. ते कायदा होऊ शकले नाही. मते मागावयास येणाऱ्या प्रत्येकाला, कोणत्याही पक्षाचा असो, ह्या विधेयकाविषयी त्याचे मत काय आहे, हे आपण विचारले पाहिजे.

शेवटी एक कटू गोष्ट. मी मुंबईच्या मालकाविषयी बोललो. आता नागपूरच्या मालकाविषयी बोलतो, म्हणजे आपल्याविषयी. आपल्या पुष्कळ बांधवांनी कष्टाने दुमजली घरे उभी केली आहेत आणि वरच्या मजल्यावर विद्यार्थी, नोकरदार भाड्याने ठेवले आहेत. त्यांच्यापैकी कुणी "मुसलमान नको" म्हणत नाही काय? एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलीला नाना प्रश्न विचारून परत पाठवीत नाही काय? दुसऱ्या पोटजातीतून दीक्षा घेतलेल्या कुटुंबाला पाहून "विचार करून सांगतो" असे म्हणत नाही काय? जो प्रश्न मुंबईच्या जिन्यावर आपल्याला टोचतो, तोच आपण आपल्या उंबऱ्यावर विचारीत असू, तर आपण केवळ बाजू बदलली असे होईल. ज्यांना घर आहे त्यांनी आज एवढा निश्चय करावा की येणाऱ्याला मी करारापुरतेच विचारीन. आणि मुंबईत ज्यांची स्वतःची घरे झाली आहेत त्यांनी गावाकडून येणाऱ्या रुग्णासाठी वा विद्यार्थ्यासाठी एक खोली रीतसर करार करून, रास्त भाड्याने द्यावी. ह्यात उपकार कसला नाही. दोन्ही बाजूंनी कागद चोख असला म्हणजे झाले.

ऑक्टोबर १९५६ मध्ये दीक्षेसाठी नागपुरास आलेले बाबासाहेब सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले होते. तेथे त्यांनी आपले स्वतःचे नाव लपविले नाही. बडोद्याची सराय आणि सीताबर्डीचे हॉटेल यांमध्ये एकोणचाळीस वर्षे आहेत. त्या काळात संविधान लिहिले गेले आणि १९५५ चा कायदाही अमलात आला. ती वाट त्यांनी आपल्यासाठी चालून ठेवली आहे.

माझी ती तसबीर आता माझ्या कार्यालयात, अशिलाच्या खुर्चीसमोर लावलेली आहे. यानंतर मुंबईस दोनदा जाण्याचा प्रसंग आला. एका मालकाने मला खोली नाकारली. दुसऱ्याने करार केला. त्या खोलीत पहिल्याच दिवशी मी भिंतीवर खिळा ठोकला. खिळ्याची अट करारात आधीच लिहून घेतली होती.

जय भीम.